सख्खं रक्त, परकं रक्त

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही कवी मंडळी रक्त हा शब्द फार सढळ हातानं वापरतो. रक्ताचं नातं, रक्ताचं पाणी, रक्तात भिनलेली माती. माझ्याही कवितांमधून हे रक्त पुष्कळ वाहिलंय. प्रत्यक्षात मात्र वयाची चाळिशी येईपर्यंत मी रक्ताचा एक थेंबही कुणाला दिला नव्हता. सुईची भीती वाटायची, हे खरं कारण. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच संपला होता. असा माणूस रक्तावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण २००९ साली माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात काही गोष्टी अशा घडल्या, की रक्त म्हणजे नेमकं काय, हे मला समजून घ्यावंच लागलं. जे समजलं ते माझ्यासारख्याच, विज्ञान न शिकलेल्या माणसांना सांगावं, म्हणून आज बोलतो आहे.

त्या वर्षी रमजान ऑगस्टच्या शेवटी सुरू झाला. आपानं सगळे रोजे धरले. तिला धाप लागायची, चेहरा पिवळा पडला होता. आम्हाला वाटलं, रोज्यांचा थकवा आहे, ईद झाली की उतरेल. ईद झाली, पण आपा उठेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन साडेपाच. गर्भाशयात गाठी होत्या आणि कित्येक महिन्यांपासून रक्त जात होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या बायका सांगत नाहीत, हिंदू असोत की मुसलमान. ऑपरेशन करावं लागणार होतं, पण त्याआधी दोन बाटल्या रक्त चढवणं गरजेचं होतं. आपाजवळ एका शिबिरात मिळालेलं कार्ड होतं, त्यावर ‘ओ पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं. सगळे म्हणाले, ओ पॉझिटिव्ह म्हणजे काही अडचण नाही, कुठंही मिळेल.

जिल्ह्याच्या गावातल्या रक्तपेढीत मी चिठ्ठी घेऊन गेलो. तासाभरात पिशवी मिळेल म्हणून बाकावर बसलो. तास गेला, दोन तास गेले. शेवटी आतून एक चष्मेवाला तरुण तंत्रज्ञ बाहेर आला आणि म्हणाला, “काका, पेशंटचं रक्त परत एकदा पाहिजे.” पुन्हा नमुना दिला. संध्याकाळी त्यानं मला आत बोलावलं. त्यानं एकामागून एक सहा ओ पॉझिटिव्ह पिशव्या लावून पाहिल्या होत्या. सहाही जुळत नव्हत्या. आपाच्या रक्तजलात त्या पिशव्यांमधल्या तांबड्या पेशी घातल्या, की त्यांचे गोळे होत. त्यानं काचेवर दाखवलं. दही नासावं तशा कण्या दिसत होत्या.

मला घाई होती. मी म्हणालो, “अहो, कार्डावर ओ लिहिलंय, तुमच्याही तपासणीत ओच आलंय. मग द्या की.” तो मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, कार्ड काहीही म्हणू दे. हे दिलं तर पेशंट हातातून जाईल.”

त्यानं रक्त दिलं नाही, म्हणून आपा वाचली. तो नमुना मुंबईला गेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की हा ‘बॉम्बे’ रक्तगट आहे.

मी चक्रावलो. आम्ही सांगली जिल्ह्यातली माणसं. आपा मुंबईला उभ्या आयुष्यात दोनदा गेलेली, तीही लग्नाला. तिच्या रक्तात मुंबई कुठून आली?

ते समजायचं तर थोडं मागं जावं लागतं. माणसाला दुसऱ्याचं रक्त देण्याची कल्पना जुनी आहे. १६६७ साली पॅरिसमध्ये झां बातिस्त देनी या डॉक्टरनं कोकराचं रक्त माणसाला देऊन पाहिलं. पुढं १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेलनं माणसाचं रक्त माणसाला दिलं. काही रोगी वाचत, काही तडफडून मरत. कोण वाचेल आणि कोण मरेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हे कोडं सोडवलं कार्ल लँडस्टायनर या व्हिएन्नाच्या संशोधकानं. १९०१ साली त्यानं आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्याची रीत अगदी साधी होती. स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, प्रत्येकाच्या तांबड्या पेशी आणि वरचं पिवळसर रक्तजल वेगळं केलं, आणि याचं जल त्याच्या पेशींना, त्याचं जल याच्या पेशींना असं आळीपाळीनं मिसळून पाहिलं. कुठं पेशी सुट्या राहिल्या, कुठं त्यांचे गोळे झाले. असे गोळे होणं हे आजाराचं लक्षण आहे, असं तोवर मानलं जाई. लँडस्टायनर म्हणाला, ही माणसं तर धडधाकट आहेत. हा आजार नव्हे, हा माणसामाणसातला जन्मजात फरक आहे. त्यानं तीन गट पाडले. चौथा, म्हणजे एबी, पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. १९३० साली त्याला या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. १४ जून हा त्याचा जन्मदिवस. २००४ पासून तो जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

त्यानं शोधलेला नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुमच्या पेशींवर जी खूण नाही, तिच्याविरुद्धची हत्यारं तुमच्या रक्तजलात तयार असतात. या हत्यारांना प्रतिपिंडं म्हणतात. ए गटाच्या माणसाच्या रक्तजलात बीविरुद्ध प्रतिपिंडं, बी गटाच्या माणसात एविरुद्ध, ओ गटाच्या माणसात दोन्हींविरुद्ध आणि एबीमध्ये एकाही विरुद्ध नाही. गंमत अशी, की परक्याचं रक्त आयुष्यात कधीही घेतलेलं नसलं तरी ही हत्यारं असतातच. ती येतात कुठून? आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, आणि त्यांच्या अंगावरही अशाच खुणा असतात. तान्हेपणीच शरीर त्या पाहतं आणि स्वतःशी ताडून बघतं. जी खूण आपल्या अंगावर आहे, ती आपली. जी नाही, ती परकी.

या खुणा म्हणजे काय, हे ऐकून मला हसूच आलं. त्या खुणा म्हणजे साखर! चहात घालतो ती नव्हे, पण त्याच कुळातली. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या उभ्या असतात. शेवटच्या कडीला कोणती साखर लागते, त्यावर तुमचा गट ठरतो.

रक्तपेढीतल्या त्या मुलानं मला हे एका उपमेनं समजावलं. उपमा माझी नाही, त्याची आहे. तो म्हणाला, “काका, भिंतीवर खुंटी असते ना, तसं समजा.” प्रत्येक पेशीच्या भिंतीवर खुंट्या असतात. या खुंटीला शास्त्रात ‘एच’ म्हणतात. ए गटाच्या माणसात खुंटीवर एक प्रकारची टोपी टांगलेली असते, बी गटात दुसऱ्या प्रकारची, एबीमध्ये काही खुंट्यांवर ही आणि काहींवर ती. ओ गटाच्या माणसात खुंट्या नुसत्याच असतात, टोपी नसते. पण खुंटी सगळ्यांकडे असते. म्हणून तर ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं असं म्हणतात, कारण नुसती खुंटी कुणालाच परकी वाटत नाही.

आपाच्या पेशींवर खुंटीच नव्हती.

खुंटी नाही, म्हणून टोपीही नाही. म्हणून साध्या तपासणीत ए दिसत नाही, बी दिसत नाही, आणि कार्डावर ‘ओ’ असं लिहिलं जातं. पण लँडस्टायनरचा नियम आठवा. ज्याच्या अंगावर खूण नाही, त्याच्याकडे तिच्याविरुद्ध हत्यारं असतात. आपाच्या रक्तात एविरुद्ध प्रतिपिंडं होती, बीविरुद्ध होती आणि खुद्द खुंटीविरुद्धही होती. खुंटी तर जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पेशीवर आहे. म्हणून ओ गटाचं रक्त, जे सगळ्यांना चालतं, ते आपाला विष होतं. तिच्या शरीरात ते गेलं असतं, तर आलेल्या पेशी शिरांमध्येच फुटल्या असत्या. थंडी भरून ताप, कमरेत कळ, लघवी काळपट लाल, मग मूत्रपिंडं बंद. कशानं झालं ते आम्हाला कधीच कळलं नसतं. रक्त चढवूनही वाचली नाही, नशीब, असं म्हणून आम्ही मातीला गेलो असतो.

हा गट जगाला पहिल्यांदा कळला तो १९५२ साली, आपल्या मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे काम करत. त्यांच्यासमोर तीन माणसांचं रक्त असं आलं, की ते चारपैकी एकाही गटात बसेना. पेशी पाहाव्यात तर ओसारख्या, आणि रक्तजल पाहावं तर ते ओ गटाच्याही पेशींचे गोळे करतंय. अशा वेळी माणूस काय करतो? नळी धुतलेली नसेल, रसायन जुनं झालं असेल, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं म्हणून पुढच्या कामाला लागतो. चार कप्प्यांत न बसणारी गोष्ट ही चूक मानणं सगळ्यात सोपं. भेंड्यांनी ती चूक मानली नाही. त्यांनी सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या सहकाऱ्यांसह पुन्हा पुन्हा तपासणी केली. रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे लंडनचे नामवंत रक्तगट-तज्ज्ञ या कामात सामील झाले. १९५२ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात या सर्वांच्या नावानं शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शहराच्या नावावरून पुढं या गटाला ‘बॉम्बे’ म्हटलं जाऊ लागलं. १९९५ साली बॉम्बेची अधिकृतपणे मुंबई झाली, रक्तगट मात्र जगभर बॉम्बेच राहिला.

त्यामुळं हा मुंबईकरांचाच गट आहे, असं समजू नका. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. आपल्याकडे जास्त का? खुंटी बनवणारं एक जनुक असतं. ते बिघडलेलं असेल तर खुंटी बनत नाही. पण प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत जरी चांगली असली तरी भागतं. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच बॉम्बे गट होतो. म्हणजे आई आणि बाप दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असावी लागते. नात्यात लग्नं होतात तिथं असा योग जास्त येतो. आमचे अब्बा आणि अम्मी सख्खी चुलत भावंडं. तुम्ही म्हणाल, मुसलमानांत असंच असतं. पण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या मुलखातल्या कितीतरी हिंदू जातींतही आहे. आणि नात्यात न करताही, पिढ्यान् पिढ्या एकाच जातीतली पंधरा-वीस घरं आपसांत सोयरिकी जुळवत राहिली, तर वेगळं काय होणार?

बिघाड तरी केवढा? भारतातल्या बॉम्बे गटाच्या अनेक लोकांमध्ये त्या जनुकातल्या ७२५व्या जागेवरचं एकच अक्षर बदललेलं आढळलं आहे. हे मात्र मला ताबडतोब समजलं. उर्दू लिपीत ‘दुआ’ लिहिताना एक नुक्ता जास्त पडला, की ‘दगा’ होतो. अक्षर एक, अर्थ उलटा.

आता या हकिकतीतला दुसरा भाग सांगतो. तो मला रक्तपेढीत नव्हे, घरी कळला.

माझी भाची, म्हणजे आपाची धाकटी मुलगी, आदल्या वर्षी बारावीला शास्त्र शाखेत होती. प्रयोगशाळेत मुलींनी एकमेकींचे रक्तगट तपासले. तिचा आला एबी. मास्तरांनी फळ्यावर तक्ता काढला होता. आई-बापांपैकी एक जरी ओ असेल, तर मूल एबी होऊच शकत नाही, असं त्या तक्त्यात होतं. तिला आईचं कार्ड माहीत होतं. बापाचा गट ए आहे, हेही माहीत होतं. पोरीनं वही मिटली आणि घरी आली. ती कुणाला काही बोलली नाही. वर्षभर तिनं ते मनात ठेवलं. जेवताना आईकडे बघायची, म्हणे, आणि मान खाली घालायची. आपण दत्तक आहोत, की याहून काही वाईट आहे? विचारणार कुणाला? आईला विचारावं तर आईवर आळ घेतल्यासारखं होणार. बापाला विचारावं तर घर मोडायचं.

मी दवाखान्यातून घरी आलो आणि बॉम्बे गटाचं सगळं खुंटी-टोपीपुराण जेवणाच्या दस्तरखानावर सांगू लागलो. ऐकता ऐकता ती पोर रडायला लागली. आम्हाला वाटलं, आईच्या काळजीनं रडतेय. रात्री उशिरा ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मामू, मैं अम्मीकीच बेटी हूं ना?”

मग तिनं मला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन त्या तंत्रज्ञाकडे गेलो. त्यानं कागदावर मांडून दाखवलं. आपाकडे खुंटी नाही, पण बी नावाची टोपी करण्याचं जनुक तिच्याकडे आहे. टोपी आहे, टांगायला जागा नाही, म्हणून ती दिसत नाही. ते जनुक मुलीकडे आलं. खुंटीचं चांगलं जनुक बापाकडून आलं. ए टोपीही बापाकडून आली. म्हणजे खुंटी दुल्हाभाईंची, एक टोपी दुल्हाभाईंची आणि दुसरी टोपी आपाची. मुलगी झाली एबी. आईच्या अंगात जे झाकलेलं होतं, ते लेकीच्या अंगावर दिसलं. आपण आपल्याच आईची मुलगी आहोत, याचा पुरावाच त्या एबीमध्ये होता.

हे फक्त आमच्याच घरात घडलं, असं नाही. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच एक कुटुंब अभ्यासलं. ओ दिसणाऱ्या एका बाईकडून बी गट तिच्या अपत्याकडे गेला होता. बॉम्बे गटात टोपीचं जनुक दडून राहतं, हे त्या अभ्यासातून उलगडलं. तरी शाळेच्या तक्त्यात या गटाला जागा नसते. तक्ता खोटा नसतो, अपुरा असतो. पण त्या अपुऱ्या तक्त्यावरून एखाद्या बाईकडे बोट दाखवलं गेलं, तर ती बिचारी काय सांगणार? म्हणून माझी विनंती आहे, मुलाचा आणि आईबापाचा गट तक्त्यात बसला नाही, तर माणसावर संशय घेण्याआधी तपासणीवर संशय घ्या आणि रक्त मोठ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आता रक्त आणायचं कुठून, हा प्रश्न होता. तंत्रज्ञ म्हणाला, “आधी भावंडांना बोलवा. प्रत्येकाला चारात एक शक्यता आहे.” आम्ही चार भावंडं. चौघांची तपासणी झाली. सुईला घाबरणारा मी, माझाही गट बॉम्बे निघाला. मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. सख्खा भाऊ, सख्खं रक्त. बाही सरसावून मी म्हणालो, घ्या किती पाहिजे तेवढं.

डॉक्टर म्हणाले, “तुमचं रक्त घेऊ. पण बहिणीला शक्यतो देणार नाही.”

मला राग आला. गटसुद्धा जुळतोय, मग अडचण काय? तेव्हा त्यांनी सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. रक्ताच्या पिशवीत नुसत्या तांबड्या पेशी नसतात, काही जिवंत पांढऱ्या पेशीही असतात. त्या प्रतिकाराच्या सैनिक. परक्या माणसाच्या पांढऱ्या पेशी शरीरात शिरल्या, की रोग्याचं शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि थोड्या दिवसांत संपवून टाकतं. पण दाता जवळचा नातेवाईक असेल, तर त्याच्या पांढऱ्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात, की रोग्याचं शरीर त्यांना ओळखतच नाही. घरातलाच माणूस समजून आत राहू देतं. आणि त्या पेशी मात्र रोग्याच्या शरीराला परकं ओळखतात. मग त्या वाढतात आणि त्वचा, आतडं, यकृत आणि हाडांतला मगज, सगळ्यांवर उलटतात. असं क्वचित होतं, पण झालं तर रोगी सहसा वाचत नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकात हृदयाच्या ऑपरेशननंतर असे मृत्यू लक्षात आले. नात्यात लग्नं होणाऱ्या घराण्यांत हा धोका वाढतो. यावर उपाय आहे. पिशवीला ठरावीक प्रमाणात किरण द्यायचे, म्हणजे पांढऱ्या पेशींची वाढण्याची ताकद जाते. पण ते यंत्र त्या वेळी आमच्या गावाजवळ नव्हतं.

म्हणजे बघा. अगदी परकं रक्त चालत नाही, कारण शरीर त्याच्यावर तुटून पडतं. आणि अगदी सख्खं रक्तही बिनधोक नाही, कारण शरीर त्याच्यापुढं बेसावध राहतं. आपाला हवा होता खुंटी नसलेला, पण आमच्या घरातला नसलेला माणूस. रक्ताचं नातं या शब्दावर मी आयुष्यभर कविता केल्या होत्या, आणि इथं रक्तच म्हणत होतं, की नात्यातला नको.

असा माणूस मुंबईत मिळाला. एक नव्हे, दोन. माझा पुतण्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून त्या दोन पिशव्या रात्रीच्या गाडीनं घेऊन आला. रात्रभर तो डबा त्यानं मांडीवर ठेवला होता. सकाळी त्या मुलानं पेशी मिसळून पाहिल्या आणि मला बोलावून काच दाखवली. कण्या नव्हत्या. नुसता लाल, स्वच्छ, एकसारखा थर होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा रक्ताकडे डोळे भरून पाहिलं.

आपाचं ऑपरेशन झालं. ती घरी आली. मी त्या दोन दात्यांना पत्र लिहायचं ठरवलं. रक्तपेढीला नावं विचारली. ते म्हणाले, सांगत नाही, तसा नियमच आहे. पिशवीवर काय लिहिलेलं असतं ते मी नंतर वाचलं. गट, क्रमांक, घेतल्याची तारीख, वापरायची शेवटची तारीख. नाव नव्हतं, आडनावही नव्हतं. आडनाव कळलं असतं, तर आपल्या सवयीप्रमाणं मी लगेच जात-धर्म ओळखायला लागलो असतो.

अशी ओळख रक्ताला चिकटवायचा प्रयत्न जगात झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेड क्रॉसनं काळ्या माणसांचं रक्त गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळं ठेवलं. १९५० पर्यंत ही पद्धत चालली. शास्त्राला ती तेव्हाही मान्य नव्हती. एबीओखेरीज रक्तगटांच्या आणखीही पद्धती आहेत, आज चाळीसहून अधिक ज्ञात आहेत. त्यांपैकी एकीतही धर्माची खुंटी नाही आणि जातीची टोपी नाही. काही खुणा काही प्रदेशांत जास्त आढळतात, काही कमी, एवढंच. शरीर आपलं-परकं जरूर करतं, अत्यंत कठोरपणे करतं, पण त्याचा हिशोब निराळा आहे. आपण ज्या रेषा ओढल्या, त्या त्याच्या खिजगणतीत नाहीत.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्या कार्डावर ओ लिहिलेलं असेल, तर घाबरून जाऊ नका. ओ म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे ओच असतात. पण रक्त घेण्याआधी जुळणी, म्हणजे क्रॉसमॅच, झालीच पाहिजे. तिला वेळ लागतो म्हणून तंत्रज्ञावर ओरडू नका. मी ओरडणारच होतो, म्हणून सांगतो. गट ठरवताना नुसत्या पेशी तपासून भागत नाही. रक्तजलही तपासायला हवं, आणि तेही ए, बी आणि ओ अशा तिन्ही पेशींशी. ही दुसरी बाजू तपासली, की बॉम्बे गट तिथंच पकडला जातो. घरात कुणाचा हा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं आणि रक्तपेढीत आपली नोंद करावी. ठरवून करायचं ऑपरेशन असेल आणि प्रकृती चांगली असेल, तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. बॉम्बे गटाच्या माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. त्यामुळं आम्हा लोकांचा एकमेकांशिवाय कुणी वाली नाही.

त्या वेळी माझी जी पिशवी घेतली होती, ती वाया गेली नाही. महिन्याच्या आतच ती दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाला तरी गेली. कुणाला, ते मला सांगितलं नाही. आपा अजून मला चिडवते, “तेरा खून तो मुझे चलाच नई भाई, अब तेरी शायरी कैसी चलेगी?” भाची आता स्वतः शाळेत जीवशास्त्र शिकवते. रक्तगटांचा तक्ता फळ्यावर काढून झाला, की ती त्याखाली आणखी एक ओळ लिहिते आणि आपल्या आईची गोष्ट सांगते.

माझं नाव आता रक्तपेढीच्या यादीत आहे. वर्ष-दोन वर्षांतून एखादा फोन येतो, बहुधा अवेळी. मी एसटीनं जातो, रक्त देतो, त्यांनी दिलेला चहा आणि बिस्किटं घेतो आणि परत येतो. सुई अजूनही टोचते. कुणासाठी, हे मी आता विचारत नाही.